काबाईंचा निबंधाचा वर्ग

काबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्यांच्या घरातही उरलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भाषा शिकवली आणि तपासलेल्या प्रत्येक वहीच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला. 'वेळ अमूल्य आहे.' का? 'खेळाने मन प्रसन्न होते.' का? 'शिस्त हवीच.' का? मुलींनी दुसऱ्याच वर्षी नाव पाडलं. ते असं चिकटलं की निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकसुद्धा भाषणात "आपल्या काबाई" म्हणून गेले आणि मग जीभ चावली. काबाई मात्र खुशीत हसल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी. मी एका मोठ्या रुग्णालयात नोंदणी विभागाचा कारकून होतो. तळमजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची आणि त्या किल्लीमुळेच ही सगळी हकिकत मला जवळून बघायला मिळाली. जे माझ्यासमोर घडलं नाही ते काबाईंनी किंवा त्यांच्या धाकट्या जावेने नंतर सांगितलं. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी धाकटीचं खरं धरलंय. तिची आठवण पक्की आहे.

ही धाकटी आमच्याच रुग्णालयात मावशी होती. मावशी म्हणजे रुग्णांना उठवणं-बसवणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, भांडं देणं-घेणं हे सगळं करणारी बाई. शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात ती एकोणीस वर्षं होती. नवीन डॉक्टर आला की पहिल्या आठवड्यात तो तिला शिकवायचा आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिला विचारायचा.

अशा अनुभवी माणसांसाठी रुग्णालयाने एक वाट ठेवली होती. लेखी परीक्षा द्यायची, पास झालं की वर्षभराचं प्रशिक्षण आणि मग सहायक परिचारिकेची जागा. पेपर दोन. पहिल्यात औषधांच्या मात्रांचे हिशेब आणि वॉर्डाची माहिती. दुसरा भाषेचा, त्यात चाळीस गुणांचा एक माहितीपर निबंध. दिलेला विषय वाचणाऱ्याला नीट समजावून सांगायचा. निबंधात वीस मिळाले नाहीत तर बाकी कितीही मिळोत, नापास. आणि चारच वेळा बसता येत असे. धाकटीच्या तीन खेपा फुकट गेल्या होत्या.

तिसऱ्या खेपेची गुणपत्रिका तिच्या नवऱ्याने गुपचूप थोरल्या वहिनीकडे आणली. "वहिनी, मी दाखवली म्हणून सांगू नका तिला," असं म्हणत त्याने ती टेबलावर ठेवली. निबंधात चाळीसपैकी अकरा. काबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या विषयात अकरा! त्यांनी लगेच फोन लावला.

"अगं, निबंध अडतोय ना तुझा? मला एका शब्दाने बोलली नाहीस!"

पलीकडून धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तुमच्याकडे शिकायचं म्हणजे मला घाम फुटतो."

"मी काय वाघ आहे?"

"वाघ परवडला." आणि लगेच पुढे, "एकटीला नको. आम्ही सहाजण आहोत अडकलेले. सगळ्यांना शिकवणार असाल तर येईन. गर्दीत जरा बरं वाटेल."

अशा रीतीने दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पहिली पाळी सुटल्यावर साडेतीन वाजता, माझ्या खोलीत वर्ग भरू लागला. तिथे छतापर्यंत फायलींची कपाटं होती, मधे एक लांब टेबल, एकच खिडकी आणि तिच्यातून दिसणारी धुलाईघराची मागची भिंत. मला घरी जायची मुभा होती, पण किल्ली द्यायची म्हणजे सही-शिक्क्याची भानगड. म्हणून मी कोपऱ्यात बसायचो. आधी नाइलाजाने, नंतर कोणी हाकललं असतं तरी हललो नसतो.

सहाजणांत धाकटी एक. दुसऱ्या होत्या कडक मावशी. सबंध रुग्णालयात सगळ्यात जुन्या, आणि त्यांच्या आवाजाने सलाइनची बाटली हलते असं म्हणत. तिसरे स्ट्रेचरवाले काका, बोलायला लागले की थांबायचा रस्ता विसरणारे. उरलेल्या तिघी प्रसूती विभागातल्या मैत्रिणी. त्या एकत्र यायच्या, एकत्र जायच्या, डबाही एकीचाच तिघी खायच्या. त्यांना सगळे तिघी एवढंच म्हणत.

पहिले तीन आठवडे काबाईंनी शाळेतल्यासारखं शिकवलं. फळ्यावर प्रस्तावना, मुख्य भाग, उपसंहार. विषय दिला 'रुग्णसेवा'. शुक्रवारी सहा निबंध आले. सहाच्या सहा एकाच वाक्याने सुरू होत होते, 'रुग्णसेवा हीच खरी सेवा होय.' तिघींच्या निबंधात तर स्वल्पविरामही एकाच जागी चुकले होते. काकांनी परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकातून पान उतरवलं होतं ते इतकं प्रामाणिकपणे की मधेच 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असंही आलं होतं.

"काका, आकृती कुठाय?" काबाईंनी विचारलं.

"ती पुस्तकात राहिली," काका म्हणाले.

धाकटीच्या कागदावर अडीच ओळी होत्या. तिसरी अर्ध्यावर तोडून तिने पेन ठेवलं होतं.

काबाईंनी सगळे कागद लाल करून परत दिले. समास 'का?'ने भरून गेले होते. कडक मावशींनी आपला कागद लांब धरून वाचला, घडी घातली आणि उभ्याच राहिल्या.

"बाई, हे 'का' आम्हाला माहीत असतं तर आम्ही डॉक्टर नसतो का झालो? मला नाही जमायचं. उगाच तुमचा वेळ आणि माझे पाय."

त्या दाराशी पोहोचल्या तेवढ्यात दार बाहेरून उघडलं. त्यांच्या वॉर्डात आठवड्यापूर्वी लागलेली एक नवी मावशी धापा टाकत उभी होती. "मावशी, बारा नंबरच्या आजोबांच्या पाठीला लाल झालंय. सिस्टर दुसरीकडे अडकल्यात. म्हणाल्या, आधी मावशींना विचार. चोळू का?"

"चोळू नकोस!" कडक मावशी गरजल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "ऐक नीट. आधी त्या लाल जागेवर बोट दाबून बघ. बोट उचलल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच राहिलं तर लगेच सिस्टरला ओढून आण. चोळायचं नाही, कारण आत आधीच दुखावलंय, चोळलंस की आणखी फाटतं. आता त्यांना कुशीवर घे. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मधे एक उशी, म्हणजे हाडावर हाड येत नाही. चादर ताणून घे, सुरकुती राहिली तर ती रात्रभर टोचते आणि त्यांना सांगता येत नाही. टाचा बघ. सगळे पाठ बघतात, टाचा कुणी बघत नाही. आणि दोन तासांनी कूस बदल. घड्याळाकडे बघून बदल, आठवणीवर राहू नकोस. गेल्या वर्षी मी आठवणीवर राहिले होते, अठरा नंबरचा माणूस त्यामुळे तीन आठवडे जास्त पडून होता. जा."

पोरगी पळाली. कडक मावशी वळून पाहतात तो काबाई खाली मान घालून झरझर लिहीत होत्या. माझ्या टेबलावरचा जुना फॉर्म ओढून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर सगळं उतरवलं होतं, शब्दाला शब्द. त्यांनी तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"छान लिहिलंय," कडक मावशी संशयाने म्हणाल्या. "कोणाचं?"

"तुमचं."

"मी कुठे लिहिलं? मी बोलले."

"मावशी, यात पाच वेळा 'का' आहे आणि पाचही वेळा तुम्ही कोणी विचारायच्या आत उत्तर दिलंय. चौतीस वर्षांत माझ्या एकाही मुलीने हे केलं नाही. आणि त्यात मुलींची चूक नव्हती." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. परीक्षेत स्वतःच नापास झाल्यासारखा होता, पण उजळलेला. "बसा. आपण सगळंच पहिल्यापासून करू. मी चुकीचं शिकवत होते."

कडक मावशी बसल्या.

पुढच्या मंगळवारी काबाई लाल पेन न घेताच आल्या. पिशवीत सहा पेन्सिली आणि कापलेल्या पाठकोऱ्या कागदांची चळत. निबंध लिहायचा नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. दोन आठवडे फक्त आखायचा. त्या फॉर्मवरचं बोलणं पुन्हा वाचून त्यांनी विचारलं, "मावशी कोणाशी बोलत होत्या?"

"नव्या पोरीशी," तिघी एकदम म्हणाल्या.

"म्हणून 'स्वच्छतेचं महत्त्व अनन्यसाधारण आहे' असं म्हणाल्या नाहीत. त्या पोरीला त्याचा काय उपयोग? तेव्हा लिहायच्या आधी पहिला प्रश्न, वाचणार कोण? त्याला आत्ता काय माहीत आहे आणि काय नाही?"

मग दुसरी गोष्ट, मुद्द्याचं वाक्य. सबंध निबंधातून एकच सांगायचं असेल तर काय, ते एका वाक्यात लिहायचं. त्या वाक्याची परीक्षा काबाईंनी सोपी ठेवली. वाक्य ऐकून समोरच्याला 'का?' विचारावंसं वाटलं तर वाक्य जिवंत. 'बरोबर आहे' म्हणून त्याने मान हलवली आणि जांभई दिली तर मेलेलं. धाकटीने हळूच एक कागद पुढे केला : 'चादरीची सुरकुती औषधाचं काम बिघडवते.'

"का?" पाचजण एका सुरात ओरडले, आणि मग स्वतःवरच हसले. मीही ओरडलो होतो, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर एका चिठ्ठीवर एकच कारण किंवा एकच पाहिलेली गोष्ट. चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या सारख्या एकत्र करायच्या, आणि कोणती आधी आली तर पुढची समजायला सोपी जाईल ते बघून लावायच्या. एखादी चिठ्ठी मुद्द्याच्या वाक्याला धरून नसेल तर ती कितीही आवडती असो, बाजूला.

इथे काकांचं गाडं अडलं. सव्वीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं होतं! त्यांच्यापुढे एकेचाळीस चिठ्ठ्या जमल्या, आणि एकही टाकायला जीव होईना. लिफ्ट अडकली ती गोष्ट, पावणेदोनशे किलोचा रुग्ण, पळून गेलेला रुग्ण, सगळं एकाच परिच्छेदात.

काबाईंनी चष्मा काढला. "काका, स्ट्रेचरवर एका वेळी किती माणसं नेता?"

"एकच. दोन नेली तर दोघंही पडतील."

"मग परिच्छेदात?"

काकांनी सहा चिठ्ठ्या ठेवून बाकीच्या पस्तीस माझ्या हातात दिल्या. "साहेब, तुमच्या कपाटात ठेवा. टाकू नका. पुढच्या निबंधाला लागतील."

तिघींचे निबंध अजूनही एका साच्यातून काढल्यासारखे येत. काबाईंनी तिघींना विषय एकच दिला, बाळंतिणीची विश्रांती, पण वाचणारे वेगळे दिले. एकीने बाळाच्या बापाला समजावायचं, दुसरीने नव्या मावशीला, तिसरीने वॉर्ड बांधणाऱ्या इंजिनिअरला. आठवड्याने तिसरीने जे आणलं ते ऐकून आम्ही थक्क झालो. दिव्याचं बटण खाटेपासून कुठे असावं यावर तिने पाऊण पान लिहिलं होतं, आणि प्रत्येक ओळीत झोप न लागलेली, दमलेली बाई दिसत होती. बाकीच्या दोघी तिच्याकडे असं बघत होत्या, जणू ती आज पहिल्यांदाच भेटली.

सहा आठवड्यांत पाचजण लिहायला लागले. धाकटीचं मात्र तसंच. चिठ्ठ्या तिच्याइतक्या नेटक्या कोणाच्याच नसत. मुद्द्याचं वाक्य असं, की काबाई मनातल्या मनात टाळ्या वाजवत. पण कोरा कागद पुढे आला की तिचा हात थिजायचा. अडीच ओळी, तीन ओळी, आणि पेन खाली. परीक्षेला महिना उरला होता.

एका शुक्रवारी बाकीचे गेल्यावर काबाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मी फायली लावत होतो. उठून जावं की नाही ते कळेना, तेवढ्यात उशीर झाला.

"काय होतं गं तुला? सगळं तर येतंय."

धाकटी पेन्सिल फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला आठवत नसेल. लग्नानंतर आम्ही त्यांच्या नोकरीच्या गावी गेलो. मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं."

"लिहिलं असशील."

"तुम्ही उत्तर पाठवलंत. त्याच पाकिटात माझं पत्रही परत पाठवलंत. लाल शाईने तपासून. सतरा चुका होत्या, जाऊबाई. मी मोजल्या."

काबाईंनी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या.

"त्यानंतर मी काही लिहिलं नाही. सामानाची यादीसुद्धा हेच करतात. लिहायला घेतलं की मला समासच दिसतो."

बावीस वर्षं झाली होती त्या पत्राला. काबाईंनी ते प्रेमानेच केलं होतं, नवी जाऊ हुशार आहे, थोडं वळण लावलं तर किती पुढे जाईल, अशा कौतुकाने. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण त्या वेळी त्यातलं एक अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पत्रात काय लिहिलं होतंस?"

"तुम्हाला बोलावलं होतं. नवं घर बघायला. दोन दिवस राहायला या म्हटलं होतं."

"आणि मी आले नाही."

"चुकांच्या खाली तुम्ही लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर.'"

काबाईंनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, पुन्हा काढला. "मला त्या पत्रातलं काहीच आठवत नाही बघ. पण सतरा हा आकडा तू म्हणालीस आणि मला वाटलं, हो, सतराच होत्या. कसली गं मी वाचणारी!" त्या उठल्या. "आज काय करतेस? मी तुझ्याकडे येते. काही काम नाही, निमित्त नाही. नुसती येते."

त्या संध्याकाळी धाकटीच्या स्वयंपाकघरात काबाई भाजी चिरत बसल्या. ओट्याकडे तोंड, टेबलाकडे पाठ. धाकटी टेबलाशी बसून लिहीत होती. काबाईंनी तिला बजावलं होतं, "मी वळणार नाही. तुझं पान भरेपर्यंत मान वळवली तर माझं नाव बदल." भाजी चिरून झाली. मग त्यांनी लसूण सोलला, जेवढा घरात होता तेवढा सगळा. धाकटीचा नवरा दोनदा आत डोकावला आणि मुकाट्याने परत फिरला. पाऊण तासाने पाठीमागून आवाज आला, "जाऊबाई, दुसरं पान लागेल."

काबाई वळल्या तेव्हा दोघींचेही डोळे भरलेले होते. धाकटी म्हणाली, लसणामुळे. काबाई म्हणाल्या, लसणामुळेच.

परीक्षा रुग्णालयाच्या मोठ्या भोजनगृहात होती. काबाई माझ्या खोलीत थांबल्या होत्या. त्यांनी अडीच तासांत चार कप चहा घेतला आणि माझ्या तीन फायलींवरचे अनुक्रमांक दुरुस्त केले. पेपर सुटला तशा तिघी धावतच आल्या.

"बाई, आपण केलेलं एकही आलं नाही!"

काबाईंचा चेहरा पडला. "काय आलं?"

"'रुग्णांना भेटण्याच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. त्या का असाव्यात ते स्पष्ट करा.' आपण तर त्यावर एक चिठ्ठीसुद्धा केली नव्हती!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? विचारलं स्वतःला, वाचणार कोण?" पहिली म्हणाली. दुसरीने पुढे केलं, "मी लिहिलं गेटवर भांडणाऱ्या नातेवाइकाला." तिसरी म्हणाली, "मी नव्या वॉचमनला." आणि तिघी खळखळून हसल्या.

मागून धाकटी आली. ती सांगू लागली की पहिली वीस मिनिटं तिने उत्तरपत्रिकेत काहीच लिहिलं नाही, नुसतं शेवटच्या पानावर आखत बसली. पर्यवेक्षक दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "मावशी, लिहा आता, वेळ जातोय." ती म्हणाली, "साहेब, लिहितेच आहे. अजून तुम्हाला दिसेल असं लिहिलं नाही इतकंच."

"असं म्हणालीस तू?" काबाईंनी विचारलं.

"तोंडातून गेलं," धाकटी म्हणाली, आणि मग तिलाच स्वतःचं आश्चर्य वाटलं.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. यादी आधी माझ्याकडे यायची, पण कोणाला सांगायची मनाई. ती दुपार मी कशी काढली ते मलाच माहीत. साडेतीनला यादी फलकावर लागली. सहापैकी पाच पास. काकांना निबंधात तेहतीस होते, पण औषधांच्या हिशेबात तीन गुणांनी गेले. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि निबंधाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे तेहतीस कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही ना?" मी म्हटलं, "कोणी नाही. आणि दशांश चिन्ह मी शिकवतो तुम्हाला." सहा महिन्यांनी तेही पास झाले.

कडक मावशींना एकतीस. त्यांनी फलकासमोरच काबाईंचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाल्या, "बाई, मी त्या दिवशी जिना चढून गेले असते तर!"

धाकटीला सदतीस होते. माझ्या ताब्यात अकरा वर्षांच्या गुणपत्रिका होत्या. मी त्या एकेक काढून बघितल्या. चौतीसच्या वर कोणी गेलेलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. मग काबाई म्हणाल्या, "परत सांगा." तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं.

यानंतर जे झालं ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, स्वतः उत्तरपत्रिका चाळत होत्या. धाकटीचा निबंध वाचून त्यांनी तिला बोलावलं आणि विचारलं, "हा मी गेटवर लावला तर चालेल?" धाकटीला वाटलं थट्टा आहे. पण आठवड्याच्या आत निबंध टाइप होऊन, मोठ्या अक्षरांत, मुख्य दरवाजाशी काचेच्या फलकात लागला. तिथे आधी 'वेळेशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी होती. ती वॉचमनच्या खुर्चीमागे गेली.

निबंध असा सुरू होत होता : 'तुम्ही लांबून आला आहात आणि तुमचं माणूस आत आहे, तरी तुम्हाला थांबवलं जातं. याचा राग येणं साहजिक आहे. पण भेटीची वेळ ही तुम्हाला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तुमचं माणूस तुम्हाला पूर्ण मिळावं म्हणून ती आहे.' पुढे तिने तिचं एकोणीस वर्षांचं बघितलेलं मांडलं होतं. सकाळी अंग पुसताना पडदे लावलेले असतात, त्या वेळी पाहुणा आला तर रुग्ण लाजतो आणि काम अर्धवट राहतं. दुपारच्या औषधानंतर दीड तास गाढ झोप लागते आणि जखम भरायला तीच लागते. संध्याकाळी पाचला तोंड धुतलेलं असतं, केस विंचरलेले असतात, दुखणं त्यातल्या त्यात कमी असतं. 'त्या तासाला रुग्ण दाराकडे बघत असतो. त्या तासाला या.'

निबंध लागल्यावर चौथ्या दिवशी धाकटी पाळी संपवून बाहेर पडत होती. फलकापुढे एक मध्यमवयीन माणूस उभा होता, हातात डबा, आणि त्याच्या खांद्याला धरून त्याची म्हातारी आई. वॉचमनशी त्याची नुकतीच बाचाबाची झालेली दिसत होती, कारण कान लाल होते. आईला वाचता येत नसावं. तो तिला मोठ्याने वाचून दाखवत होता. सुरुवातीला रागाने, शब्द आपटत. मग हळूहळू आवाज खाली आला. 'त्या तासाला रुग्ण दाराकडे बघत असतो' इथे तो थांबला.

म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे रे. त्यांना विंचरल्याशिवाय कोणी बघितलेलं आवडत नाही. चल, पाचला येऊ."

धाकटी दोन हातांवर उभी होती. ती पुढे गेली नाही, 'हे मी लिहिलंय' असं म्हणाली नाही. तशीच मागे फिरून माझ्या खोलीत आली. काबाई तिथेच होत्या. तिने सगळं सांगितलं, म्हाताऱ्या आईच्या शब्दांसकट. काबाईंनी उठून धाकटीला मिठीत घेतलं, आणि माझ्या खोलीत पहिल्यांदाच दोन बाया एकमेकींना धरून मोठमोठ्याने हसत होत्या. वॉचमनने नंतर मला सांगितलं की गेटवरची भांडणं पुरती थांबली नाहीत, पण निम्म्यावर आली, आणि उरलेल्यांना तो आता तोंडाने उत्तर देत नाही, नुसतं फलकाकडे बोट दाखवतो.

धाकटीचं प्रशिक्षण पुरं झालं. निळी किनार असलेला गणवेश घालून ती त्याच वॉर्डात परत आली तेव्हा रुग्णांनी नाही, पण मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सुमारास परीक्षेची आणखी एक खेप जाहीर झाली आणि वर्गाला तेवीस नावं आली. माझी खोली पुरेना. मेट्रनबाईंनी वरच्या मजल्यावरचं सभागृह दिलं, खरा फळा दिला, आणि पत्रकावर अधिकृत नाव छापलं, 'लेखन मार्गदर्शन वर्ग'. शिकवणार कोण, त्या रकान्यात काबाईंनी धाकटीचं नाव घातलं. विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो. धाकटी फळ्यापाशी उभी होती. हातात खडू, आवाज स्वच्छ. ती म्हणाली, "आज कोणी काही लिहायचं नाही. आधी मला सांगा, तुमच्या वॉर्डातलं असं काय आहे जे तुम्हाला ठाऊक आहे आणि डॉक्टरांना नाही?" तेवीस हात वर गेले. एक बाई तर उभीच राहिली.

काबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, वही-पेन्सिल घेऊन. त्यांच्या शेजारी धुलाईघरातली एक तरुण बाई होती. तिने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, जरा सरकून जागा केली आणि दबक्या आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या वॉर्डातल्या?"

"मी अजून कुठलीच नाही," काबाई म्हणाल्या. "आत्ताच लागलेय. पुढे बघ, त्या काय विचारतायत ते ऐक."